तीन बोटांचा नियम

आमच्या कार्यशाळेत तीन बोटांपेक्षा जाड काच कुणी ओतत नाही. नवीन शिकायला आलेल्यांना पहिल्याच आठवड्यात हे सांगतात. का, म्हणून कुणी विचारलं तर उत्तर ठरलेलं असतं: बाईंचा नियम आहे. बाई म्हणजे माझी बायको. तिला जाऊन आठ महिने झाले.

हा नियम खोटा आहे आणि तो माझ्यामुळे झाला. हे मला सात वर्षांपासून माहीत होतं.

मी शिकलेला माणूस नाही. बेकऱ्यांचे ओव्हन दुरुस्त करायचो. तिच्या भट्टीची कॉइल जळली म्हणून तिनं मला बोलावलं, आणि मी कॉइल बदलून परत गेलोच नाही. माझी मेहुणी अजून सगळ्यांना सांगते, "घरजावई पुष्कळ बघितले, भट्टीजावई हा एकच." लग्नानंतर भट्टी माझ्याकडे आणि बाकी सगळं तिच्याकडे, अशी वाटणी झाली. ती घडवायची, मी तापवायचो आणि थंड करायचो.

कुठली गोष्ट कशात करायची हे ठरवायला तिला महिना लागायचा. आधी ती मातीत करून बघायची, मग प्लास्टरमध्ये. ते प्लास्टर खिडकीत ठेवायची आणि येता-जाता त्याला शिव्या घालायची. मी विचारायचो, याचं आता काय चुकलं? ती म्हणायची, "त्याचं काही नाही चुकलं. त्याला दगड व्हायचंय आणि मी त्याच्या मागे लागलेय काच हो म्हणून." उन्हापावसात राहायचं ते दगडात. बोटांची घाई दिसायला हवी ते मातीत. काचेबद्दल तिचं म्हणणं असं, की ज्याच्या आतही काहीतरी असल्यासारखं वाटतं तेच काचेत करावं. नुसती छान दिसते म्हणून काच घेणाऱ्यांचा तिला राग यायचा.

तिची आई गेली तेव्हा आईच्या पलंगावर पांघरुणाची घडी तशीच राहिली होती. ती घडी करायचं तिच्या मनात आलं. एका वाचनालयाला प्रवेशाच्या दालनात ठेवायला काहीतरी हवं होतं, त्यांनाही ते आवडलं. या वेळी ठरवायला तिला महिना लागला नाही. म्हणाली, "काच. दुसरं काही नाही." घडी पाच बोटं जाड होती. एवढी जाड काच आम्ही आधी कधी ओतली नव्हती.

पुढचं कळण्यासाठी एक गोष्ट सांगायला हवी. दोन काचा दिसायला सारख्या असल्या तरी सारख्या असतीलच असं नाही. कारखान्यातून येणारी प्रत्येक खेप थंड होताना थोडी कमी-जास्त आकसते. दोन खेपा एकत्र वितळवल्या तर गरम असेपर्यंत गुण्यागोविंदानं राहतात. थंड झाल्यावर आतल्या आत ओढाताण सुरू होते, आणि मग वस्तू आज फुटेल नाहीतर महिन्यानं. बायको म्हणायची, "गरम असताना सगळेच हो म्हणतात. थंड झाल्यावर कोण किती आखडतं, त्यावर संसार." म्हणून प्रत्येक खेपेचं पिंप वेगळं आणि पिंपावर खडूनं आकडा. दोन पिंपांतली काच एकत्र करायचीच झाली तर आधी तार काढून बघायची. दोन्हीचे छोटे तुकडे ज्योतीवर एकमेकांना चिकटवायचे आणि चिमट्यानं ओढून केसासारखी बारीक तार काढायची. थंड झाल्यावर तार सरळ राहिली तर जमलं. वाकली तर नाही. अर्ध्या तासाचं काम. तिनं मला ते शिकवलं होतं, आणि मला ते चांगलं येत होतं. येत नव्हतं म्हणून चूक झाली, असं म्हणायची सोय मला नाही.

त्या दिवशी काच साच्यात वितळत होती. मेहुणीनं नवीन घर घेतलं होतं आणि बहिणीला जेवायला बोलावलं होतं. बायको निघत नव्हती. मीच म्हणालो, "जा तू, मी आहे ना." दुपारी भट्टीच्या वरच्या भोकातून आत बघितलं तर काच हवी त्यापेक्षा खाली गेलेली. साच्याला कुठेतरी बारीक भेग पडून थोडी गळाली असावी. वरून दोन-अडीच किलोची भर घालायला हवी होती, आणि त्या खेपेचं पिंप रिकामं होतं.

शेजारच्या पिंपात पांढरीच काच होती. मी एक तुकडा घेतला, खिडकीपाशी गेलो आणि ती धरायची तसा उजेडात धरला. पहिल्या पिंपाच्या तळाशी उरलेली एक कपची घेतली आणि शेजारी धरली. दोन्ही सारख्या दिसल्या. घाई नव्हती. भूक नव्हती, झोप नव्हती, भट्टी आणखी दोन तास त्या तापमानावर ठेवता आली असती. मला फक्त असं वाटलं, की सव्वीस वर्षं तिच्या शेजारी उभा आहे, मलाही आता नजर आली आहे. तार काढायची गरज नाही. ती परत आल्यावर सांगावं, की भर घातली, बघून घातली.

ती परत आली तेव्हा मात्र मी ते सांगितलं नाही. तिनं चप्पल काढता काढता विचारलं, "पुरली का रे काच?" मी म्हणालो, "पुरली."

अकरा दिवस आम्ही ती थंड केली. साचा फोडला, धुतली, घासली. ती कशी दिसत होती हे मला नीट सांगता येणार नाही. पांघरूण होतं आणि त्यात ऊब राहिली होती, एवढंच सांगतो. मेहुणी बघायला आली आणि काही न बोलता तिनं घडीवरून हात फिरवला. ती बडबडी बाई आहे.

विसाव्या दिवशी ती घडी टेबलावर होती आणि आम्ही दोघं चहा पीत होतो. काडी मोडल्यासारखा आवाज झाला. एका कोपऱ्यापासून मधोमध चीर गेली आणि बघता बघता अर्धा भाग बाजूला घसरला.

बायकोनं बराच वेळ हात लावला नाही. मग माझ्याकडे न बघता विचारलं, "दुसऱ्या पिंपातलं काही गेलं नव्हतं ना त्यात?"

मी म्हणालो, "नाही."

तिनं पुन्हा विचारलं नाही. दुसऱ्यांदा विचारलं असतं तर मी सांगितलं असतं, असं मी स्वतःला सात वर्षं सांगत आलो. तुकडे हातात होते. तार काढून बघितली असती तर अर्ध्या तासात तिला कळलं असतं. तिनं नाही बघितली. मी नाही म्हणालो होतो ना.

चार दिवस ती वही घेऊन बसली. काच एवढी जाड, तर थंड करायला दिवस किती, हे गणित तिनं पुन्हा पुन्हा केलं. दर वेळी उत्तर तेच. शेवटी म्हणाली, "गणितात चूक सापडत नाही. म्हणजे मला काच कळतच नाही." वाचनालयाला तिनं ती घडी प्लास्टरमध्ये करून दिली. ती अजून तिथे आहे. लोक पुस्तकं शोधायला जाताना तिच्यावर पिशव्या ठेवतात. नंतर तिनं काचेची लहान-लहान कामं केली, तीन बोटांच्या आतली. मोठं काही मनात आलं की प्लास्टर नाहीतर माती. खिडकीतल्या प्लास्टरला शिव्या घालणंही थांबलं.

आता आठ महिन्यांपूर्वी ती गेली, आणि कार्यशाळा चिमटी चालवते. चिमटी म्हणजे तिची पहिली विद्यार्थिनी. पहिल्या दिवशी हात मळतील म्हणून मातीचा गोळा चिमटीत धरून उभी राहिली, तेव्हापासून तिचं हे नाव. आज ती चाळिशीची आहे आणि कोपरापर्यंत मळलेली असते. मला काका म्हणते.

तिनं शिकणाऱ्यांसाठी एक छोटं पुस्तक लिहिलं. कुठल्या कामाला कुठलं साहित्य घ्यावं, ते कसं हाताळावं, सगळं बाईंनी शिकवलेलं. छापायच्या आधी तिनं कागद माझ्याकडे दिले. "काका, भट्टीचं जेवढं आहे तेवढं तपासा. फ्यूज-बिज चुकायला नको, नाहीतर पोरं भाजून निघतील आणि वर म्हणतील बाईंनी सांगितलं होतं."

अकराव्या पानावर फ्यूजचा आकडा चुकला होता, तो मी दुरुस्त केला. चौदाव्या पानावर चौकटीत लिहिलं होतं: तीन बोटांपेक्षा जाड काच ओतू नये. खाली बारीक अक्षरात: बाईंनी हा धडा स्वतःच्या चुकीतून घेतला.

मी पान उलटलं. कागद परत देताना म्हणालो, "ठीक आहे सगळं."

"मग सोमवारी खुर्ची प्लास्टरमध्ये ओतते," ती म्हणाली.

ती बाईंच्या खुर्चीची बैठक करत होती. बसून बसून मधे खोलगट झालेली लाकडी बैठक, तिचं मेणाचं रूप टेबलावर होतं. मी विचारलं, "प्लास्टर का?"

"मला काच हवी होती. पण पाच बोटं जाड आहे. बाईंचा नियम."

"खोलगटपणा कमी कर थोडा."

"मग त्यात बाई राहतील का, काका?"

मी घरी गेलो. दुसऱ्या दिवशी सकाळी परत गेलो आणि दारातच सांगितलं, "ती घडी तुझ्या बाईंमुळे नाही फुटली. वरून भर मी घातली होती. वेगळ्या पिंपातली. तार न काढता, नुसती नजरेवर."

चिमटीनं माझ्याकडे बघितलं आणि आतल्या खोलीतून बादली आणली. बायको फुटलेली काच टाकायची नाही, धुऊन ठेवायची. घडीचे तुकडे त्या बादलीत होते. भर कुठून घातली होती ते मी दाखवलं. त्या टोकाचा एक तुकडा आणि दुसऱ्या टोकाचा एक, असे तिनं ज्योतीवर धरले, चिकटवले आणि ओढले. वीतभर तार निघाली. आम्ही दोघं वाट बघत उभे राहिलो. तार थंड होता होता धनुष्यासारखी वाकली.

ती एकदम खाली बसली आणि हसायला लागली. "म्हणजे बाई बरोबर होत्या. काका, बाईंचं गणित बरोबर होतं."

"हो."

"सात वर्षं आपण सगळे येडे." तिनं डोळे पुसले आणि माझा हात धरला. "तुम्ही नका लावून घेऊ मनाला. चूक कुणाच्याही हातून होते. तुम्हाला तरी काय माहीत, त्यामुळे फुटली म्हणून. आत्ता पुस्तक वाचताना लक्षात आलं ना?"

इथे मला बोलता आलं असतं. मी मान हलवली. हो असंही नाही आणि नाही असंही नाही, अशी.

तिनं तिथूनच मेहुणीला फोन केला. मेहुणी तासाभरात डबा घेऊन हजर. "काय भावोजी, नजर आली होती म्हणे तुम्हाला. चष्म्याशिवाय पेपर वाचता येत नाही आणि काच ओळखायला निघालात." मग तिनं मला वाढलं, दोनदा वाढलं. जाताना म्हणाली, "सांगितलंत ते बरं केलंत. एवढं सांगायलाही मन मोठं लागतं."

तो घास माझ्या घशाखाली उतरला, हे मी लिहून ठेवतो. लाज वाटली, पण बरंही वाटलं. आठ महिन्यांत पहिल्यांदा कुणी तरी माझ्या पाठीवर हात ठेवला होता, आणि तो मी चोरून घेतला होता.

पुढचे पाच दिवस चिमटी नुसती पळत होती. प्लास्टर बाजूला ठेवलं. खुर्ची काचेत करायची ठरली. एकाच खेपेचं भरलेलं पिंप निवडलं, बाईंच्या वहीतलं थंड करायचं गणित काढलं आणि भिंतीवर चिकटवलं. मी भट्टीच्या कॉइल तपासत होतो. ती मधेच येऊन म्हणायची, "काका, बाई असत्या तर आज काय म्हणाल्या असत्या?" मी म्हणायचो, "म्हणाली असती काम कर."

शनिवारी तिनं चौदाव्या पानाचा नवीन कागद माझ्यापुढे ठेवला. चौकट काढून टाकली होती. त्या जागी लिहिलं होतं, की बाईंनी पाच बोटं जाड काच ओतली होती आणि त्यांचं गणित अचूक होतं. भर घालताना वेगळ्या खेपेची काच मिसळली गेल्यामुळे ती फुटली. ही गोष्ट त्या वेळी कुणाच्याच लक्षात आली नाही.

मी म्हणालो, "शेवटचं वाक्य काढ."

ती मेणावर चाकू फिरवत होती. "का? तुमचं नाव नाही घातलं कुठे."

"नाव घाल. पण ते वाक्य काढ. माझ्या लक्षात आलं होतं."

"आत्ता आलं ना."

"फुटली तेव्हाच. आवाज झाला तेव्हाच. तिनं मला विचारलंही होतं, दुसऱ्या पिंपातलं काही गेलं का म्हणून. मी नाही म्हणालो."

चाकू थांबला. "बाईंनी विचारलं होतं?"

"हो."

"तुम्हाला. सरळ."

"हो."

तिनं चाकू फडक्याला पुसला आणि बाजूला ठेवला. मला वाटलं ती ओरडेल. ती हळू आवाजात बोलायला लागली. "त्या घडीनंतर मी बाईंची सगळी गणितं तपासायचे. त्यांच्या मागे. त्या आकडे लिहून जेवायला गेल्या, की मी वही उघडायचे. एकदा त्या दारात उभ्या होत्या. मला वाटलं आता थोबाडीत देतील. त्या म्हणाल्या, बघ बाई, बघत जा, माझा काही भरवसा राहिला नाही. मग त्या स्वतःहून वही माझ्याकडे सरकवायला लागल्या. सहा वर्षं. एकदासुद्धा चूक सापडली नाही, काका. तरी मी बघत होते."

हे मला माहीत नव्हतं. एकाच टेबलाशी आम्ही तिघं बसायचो आणि मला माहीत नव्हतं.

मी म्हणालो, "तिला कदाचित मनातून कळलं असेल. बोलली नसेल एवढंच." या एका वाक्यावर मी इतकी वर्षं काढली होती.

"नाही," चिमटी म्हणाली. "बाईंना कळलं असतं तर त्यांनी तुम्हाला धुऊन काढलं असतं, दोन दिवस अबोला धरला असता, आणि तिसऱ्या दिवशी दुसरी घडी ओतायला घेतली असती. तुम्हाला माहितीये त्या कशा होत्या ते."

मला माहीत होतं. दोन दिवसांचा अबोला. तो चुकवायला मी तिच्याकडून काच काढून घेतली.

तिनं तो कागद आणि पेन माझ्यापुढे सरकवलं. मी शेवटचं वाक्य खोडलं आणि खाली लिहिलं: भर त्यांच्या नवऱ्यानं घातली. त्यांनी विचारल्यावर तो नाही म्हणाला. माझं अक्षर वाईट आहे. ती म्हणाली, "वाचता येतंय." मग विचारलं, "मावशींना हे सांगितलंत?"

"नाही."

"त्यांच्याही आईचं पांघरूण होतं ते."

"हो."

"मग इथे कशाला बसलात?"

मी उठलो. सोमवारी यायचं का, हे विचारायचं माझ्या तोंडाशी आलं होतं. विचारलं नाही. भट्टी पेटवायला तिला दुसरं कुणी मिळेल. मीही ते शिकवलेलं आहे दोघा-तिघांना.

मेहुणीचं घर पंधरा मिनिटांवर आहे. ती तिसऱ्या मजल्यावर राहते, मी दोनदा जिन्यात थांबलो. तिनं दार उघडलं तेव्हा तिच्या हातात झाडू होता आणि डोक्याला फडकं बांधलेलं. "बरं झालं आलात भावोजी. पंखा नुसता कुरकुर करतोय दोन दिवस. स्टूल देते, जरा बघा. तोवर चहा टाकते."

"चहा नको. बस जरा."

"बसते काय, ओटा पडलाय माझा तसाच. बघू, चेहरा का असा? डब्यातलं काही बाधलं की काय? माझ्या हातचं खाऊन आजवर कुणी मेलं नाही हो." ती हसत होती. हसता हसताच तिनं स्टूल ओढून पंख्याखाली ठेवलं.

मी स्टुलावर चढलो नाही. ती अजून हसत होती. तिनं बहिणीला जेवायला बोलावलं होतं, त्या दिवसापासून मी सांगायला सुरुवात केली.